मेघसंगणन : नागरिकांच्या नोंदी कोठे राहतात, कशा पोहोचतात

शासनाच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कामकाजात नोंदीला असाधारण महत्त्व आहे. जमिनीचा सातबारा, जन्ममृत्यूची नोंद, शाळेच्या जनरल रजिस्टरमधील मुलाचे नाव व जन्मतारीख, ग्रामसभेचा ठराव, घरपट्टीची आकारणी या साऱ्यांच्या आधारे सामान्य माणूस आपला हक्क सांगत असतो. नोंद नष्ट झाली, तर तोच हक्क सिद्ध करण्यासाठी त्याला वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईच्या उपनगरांतील असंख्य कुटुंबांची कागदपत्रे भिजून वाया गेली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत काही जणांना प्राण गमवावे लागले आणि अनेक विभागांच्या नस्ती भस्मसात झाल्या. कागद हे किती नाजूक साधन आहे, याची जाणीव या दोन्ही घटनांनी करून दिली.

गेल्या काही वर्षांत या नोंदी मोठ्या प्रमाणावर संगणकावर आल्या आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळू लागला. ग्रामपंचायतींचे हिशेब २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवर भरले जातात. शाळांची माहिती यू-डायस प्रणालीत नोंदविली जाते. अशा कामांच्या संदर्भात ‘माहिती क्लाउडवर आहे’ हे वाक्य आता कार्यालयांतून सर्रास ऐकू येते. क्लाउड म्हणजे मेघ. या शब्दामुळे माहिती कोठेतरी आभाळात, आग आणि पाणी यांच्या पलीकडे सुरक्षित आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज बरोबर नाही. या मेघाला इमारत लागते, वीज लागते, तारा लागतात आणि त्याची काळजी घेणारी माणसे लागतात. नोंदींची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, अशा अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्यांनी या व्यवस्थेची मूलतत्त्वे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मेघसंगणन म्हणजे काय?

विजेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. आरंभीच्या काळात ज्या कारखान्याला वीज हवी असे, त्याला बहुधा स्वतःचेच जनित्र बसवावे लागे. पुढे वीज पुरविणाऱ्या कंपन्या निघाल्या. मुंबईच्या उपनगरांसाठी १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. मग वांद्र्याच्या किंवा अंधेरीच्या रहिवाशाला जनित्राची चिंता उरली नाही. त्याने बटण दाबावे, वीज वापरावी आणि मीटरवर जेवढे युनिट पडतील तेवढ्याचे पैसे भरावेत, अशी सोय झाली. मेघसंगणनाचे तत्त्व नेमके हेच आहे. प्रत्येक कार्यालयाने स्वतःचे मोठे संगणक विकत घेण्याऐवजी, एका ठिकाणी उभारलेल्या प्रचंड संगणकसंचातून लागेल तेवढी गणनशक्ती व साठवणुकीची जागा घ्यावयाची आणि वापरानुसार पैसे द्यावयाचे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्येत या सेवेची पाच लक्षणे सांगितली आहेत. ग्राहकाला हवी तेव्हा स्वतःच सेवा घेता येणे, ती कोणत्याही नेहमीच्या साधनावरून जाळ्यामार्फत मिळणे, साधनांचा साठा अनेक ग्राहकांमध्ये वाटून वापरला जाणे, गरजेप्रमाणे क्षमता झटपट वाढविता व कमी करता येणे आणि वापराचे मोजमाप होणे, ही ती लक्षणे होत. यांतील चौथ्या लक्षणाचे महत्त्व दहावीच्या निकालाच्या दिवशी सहज लक्षात येते. सुमारे पंधरा लाख विद्यार्थी आणि त्यांचे पालक एकाच दुपारी एकाच संकेतस्थळाकडे धाव घेतात. त्या एका दिवसासाठी वर्षभर मोठी यंत्रणा बाळगणे परवडणारे नसते. मेघसेवेत त्या दिवसापुरते अधिक संगणक घेता येतात आणि दुसऱ्या दिवशी परत करता येतात.

केंद्र शासनाने ‘मेघराज’ या उपक्रमाखाली फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत शासकीय कार्यालयांसाठी राष्ट्रीय मेघसेवा सुरू केली. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक मेघसेवांच्या वापराचे धोरण जाहीर केले. त्यामुळे शासकीय विभागांना मान्यताप्राप्त खासगी पुरवठादारांच्या सेवा घेण्याचा मार्ग मोकळा झाला.

उपनगरांच्या भूमीवरील मेघ

या मेघाचे जमिनीवरील रूप पाहण्यास मुंबई उपनगर जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण देशात क्वचितच सापडेल. मुंबईत येणाऱ्या समुद्राखालील अनेक केबली अंधेरीच्या पश्चिमेस, वर्सोवा परिसरात किनाऱ्याला लागतात. समुद्राखालून संदेश पाठविण्याची मुंबईची परंपरा तशी जुनी आहे. सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंतची तारायंत्राची केबल १८७० मध्ये टाकण्यात आली होती. त्या केबलमधून विजेचे स्पंद जात. आजच्या केबलमध्ये केसाएवढ्या जाडीचे काचतंतू असून त्यांतून प्रकाशाचे स्पंद धावतात. युरोप, आखाती देश आणि आग्नेय आशिया यांच्याशी होणारी भारताची बरीचशी संगणकीय देवघेव कोळीवाड्याशेजारच्या या किनाऱ्यावरून होते.

संगणकाचे वातावरणही उपनगरांना नवे नाही. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ मध्ये सुरू झाली. अंधेरीतील सीप्झ हे निर्यातक्षेत्र १९७३ मध्ये स्थापन झाले. १९८६ मध्ये देशातील शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारे एर्नेट हे जाळे आकारास येऊ लागले, तेव्हा त्यात पवईची ही संस्था आणि जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या दोहोंचा सहभाग होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे चांदिवली, विक्रोळी या भागांत आणि ठाण्याच्या खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे येथे डेटा सेंटर उभी राहिली.

डेटा सेंटर म्हणजे संगणक ठेवण्यासाठी खास बांधलेली इमारत. आत लोखंडी मांडण्यांच्या रांगा असतात व प्रत्येक मांडणीत एकावर एक संगणक बसविलेले असतात. ते अहोरात्र चालतात, तापतात आणि त्यांना सतत थंड ठेवावे लागते. वीज गेल्यास प्रथम बॅटऱ्या आणि काही क्षणांत डिझेलची जनित्रे काम सुरू करतात. अशा अनेक इमारती एकमेकींशी जोडून जो समूह होतो, त्याला मेघसेवेच्या परिभाषेत ‘क्षेत्र’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली क्षेत्रे सुरू केली.

क्षेत्र जवळ असण्याचा लाभ काय, हे साध्या हिशेबाने समजते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत सुमारे तेरा हजार किलोमीटर आहे. एक प्रश्न जाऊन त्याचे उत्तर परत येण्यास किमान १३० सहस्रांश सेकंद लागणारच. कोणत्याही यंत्राने हा वेळ कमी होणार नाही. एखादा अर्ज भरताना अशा पन्नास फेऱ्या एकामागून एक झाल्या, तर नुसत्या प्रवासातच साडेसहा सेकंद जातात. तोच संगणक चांदिवलीला किंवा ऐरोलीला असेल, तर अंधेरीच्या नागरिकाला हा विलंब जाणवतही नाही.

माहितीचा प्रवास

मेघसेवेचे दोन मोठे आधार म्हणजे जाळे आणि साठवण. प्रथम जाळ्याचा विचार करू.

बोरिवलीच्या एखाद्या शाळेतून पाठविलेली फाइल सलगपणे प्रवास करीत नाही. तिचे लहान लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता व अनुक्रमांक घातला जातो. मोठे वऱ्हाड निरनिराळ्या गाड्यांनी निघावे आणि कार्यालयाच्या दारात पुन्हा एकत्र जमावे, तसे हे तुकडे मुक्कामी पोहोचल्यावर अनुक्रमांकानुसार जुळविले जातात. एखादा वाटेत हरवल्यास तेवढाच पुन्हा मागविला जातो.

वाटेत प्रत्येक जंक्शनवर राउटर नावाचे यंत्र असते. तुकड्यावरील पत्ता वाचून त्याला योग्य मार्गाला लावणे हे त्याचे काम. बोरिवलीहून मुलुंडला लोकलने जाणाऱ्या प्रवाशाला पूर्वी दादरला उतरून मध्य रेल्वेची गाडी धरावी लागे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यावर अंधेरीहून घाटकोपर व तेथून मुलुंड असा दुसरा मार्ग उपलब्ध झाला. एक मार्ग बंद पडला तरी प्रवास थांबत नाही, हा त्याचा मोठा फायदा. जाळ्याचेही तसेच आहे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट सेवा अतिशय मंदावली. मात्र अन्य मार्गांनी वाहतूक वळविता आल्याने ती पूर्णपणे बंद पडली नाही.

जाळ्यावरील प्रत्येक संगणकाला क्रमांकाच्या रूपातील पत्ता असतो. प्रचलित जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात आणि जगाला ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून संस्थेच्या आत खासगी क्रमांक वापरतात. उपनगरातील बहुतेक प्रत्येक सोसायटीत १०१ क्रमांकाचे घर असते. पण पोस्टमनचा घोटाळा होत नाही, कारण सोसायटीचा बाहेरचा पत्ता वेगळा असतो. खासगी व सार्वजनिक क्रमांकांचे नाते असेच आहे. माणसांना क्रमांक लक्षात ठेवणे कठीण म्हणून संकेतस्थळांना नावे देतात आणि नावावरून क्रमांक शोधून देणारी एक जागतिक निर्देशिका असते. ती डीएनएस या नावाने ओळखली जाते. ही निर्देशिका दिसावयास साधी, पण तिच्यावाचून सारे अडते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील ॲमेझॉनच्या क्षेत्रात अशा निर्देशिकेतील नोंदींत दोष निर्माण झाला. संगणक चालू होते, माहिती जागेवर होती; परंतु पत्ता सापडेना, म्हणून जगभरातील अनेक सेवा काही तास ठप्प झाल्या.

मेघसेवा घेणाऱ्या कार्यालयाला पुरवठादाराच्या विशाल आवारात स्वतःचे कुंपण घातलेले जाळे मिळते. या आभासी खासगी जाळ्याचे आणखी विभाग पाडता येतात. सोसायटीत रस्त्याकडेला दुकाने आणि आतल्या बाजूस बिऱ्हाडे असतात. त्याप्रमाणे नागरिकांना दिसणारे संकेतस्थळ दर्शनी विभागात आणि मूळ नोंदींचा कोश आतील विभागात ठेवावा, असा संकेत आहे. बाहेरच्या कोणालाही थेट आत जाण्याची वाट असता कामा नये. प्रत्येक दारावर अग्निभिंत म्हणजे फायरवॉल असते. पहारेकऱ्याकडे यादी असावी आणि यादीत नसलेल्याला त्याने आत सोडू नये, तसे तिचे काम चालते. गर्दी वाढली, तर येणाऱ्या प्रत्येकाला मोकळ्या खिडकीकडे पाठविणारी भारवाटपाची यंत्रणा असते. एखादा संगणक बंद पडल्यास ती त्याच्याकडे कोणाला पाठवीत नाही.

कार्यालयापासून मेघापर्यंतचा रस्ता दोन प्रकारचा असू शकतो. पहिल्यात सार्वजनिक इंटरनेटवरूनच, पण लाखेची मोहोर लावलेल्या थैलीतून जावी तशी सांकेतिक रूपात गुंडाळलेली माहिती पाठविली जाते. हा मार्ग स्वस्त आहे. दुसऱ्यात कार्यालय व पुरवठादार यांच्यामध्ये स्वतंत्र वाहिनी घेतली जाते. ती महाग, पण वेग निश्चित असतो. तालुक्याच्या कचेरीला पहिला मार्ग बहुधा पुरेसा होतो.

साठवणुकीचे तीन प्रकार

साठवणुकीची सेवा मुख्यतः तीन प्रकारची असते आणि कोणत्या कामाला कोणती घ्यावयाची, हे ठरविण्यातच पैसा व सुरक्षितता या दोहोंचा प्रश्न असतो.

पहिला प्रकार खंड-साठवणुकीचा. लिपिकाच्या टेबलाशेजारी त्याचे स्वतःचे लोखंडी कपाट असावे, त्याचे खण एकसारखे व क्रमांकित असावेत आणि हात लांबविताच हवा तो खण उघडता यावा, तशी ही जागा असते. ती सामान्यतः एकाच संगणकाला जोडलेली असते व अतिशय वेगवान असते. सतत बदलणारी नोंद, जसे करवसुलीचे खाते, येथे ठेवतात.

दुसरा प्रकार फाइल-साठवणुकीचा. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात रुमालांत बांधलेली दप्तरे रांगेने लावलेली असतात आणि अनेक कर्मचारी तेथूनच कागद घेतात व परत ठेवतात. येथेही कप्प्यात कप्पा अशी रचना असून अनेक संगणक एकाच वेळी तीच फाइल वापरू शकतात.

तिसरा प्रकार वस्तु-साठवणुकीचा. रेल्वेच्या सामानघरात बोचके दिले की पावती मिळते. ते कोणत्या फळीवर ठेवले, याच्याशी प्रवाशाला कर्तव्य नसते. पावती दाखविताच बोचके परत मिळते. तसेच येथे प्रत्येक दस्तऐवज एक अखंड वस्तू म्हणून, त्याच्या नावानिशी व वर्णनानिशी जमा होतो. त्यातील एखादी ओळ बदलावयाची झाल्यास संपूर्ण वस्तू नव्याने द्यावी लागते. मात्र ही जागा स्वस्त आणि जवळजवळ अमर्याद असते. स्कॅन केलेली जुनी कागदपत्रे, छायाचित्रे, ग्रामसभेची चित्रफीत यांना ती योग्य. ॲमेझॉनने अशी सेवा मार्च २००६ मध्ये प्रथम सुरू केली आणि आज ती सर्व पुरवठादारांकडे मिळते.

जागेचा अंदाज घेणे कठीण नाही. स्कॅन केलेल्या एका पानाला सरासरी २०० किलोबाइट जागा धरली, तर पाच लाख पानांना १०० गिगाबाइट पुरतात. एवढी माहिती आज हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या साधनातही राहते. म्हणजे अडचण जागेची नसून जपणुकीची आहे.

शासकीय अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण करून कायम जतन करावयाचे व ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाचे कागद वेगळे ठेवण्याची पद्धत कर्मचाऱ्यांच्या परिचयाची आहे. मेघातही हीच शिस्त उपयोगी पडते. रोज लागणारी माहिती जलद व महाग वर्गात, क्वचित लागणारी मंद व स्वस्त वर्गात ठेवावी आणि मुदत संपलेली आपोआप काढून टाकावी, असे नियम एकदा घालून देता येतात. अतिस्वस्त वर्गातून कागद बाहेर काढण्यास मात्र काही वेळा कित्येक तास लागतात आणि मोठ्या प्रमाणावर माहिती बाहेर नेण्याचे वेगळे पैसे पडतात. दरपत्रक वाचताना साठवणुकीच्या दराइतकेच या आकाराकडे लक्ष देणे जरूर आहे.

दुसरी प्रत कोठे आहे?

मेघ जमिनीवरच असल्यामुळे जमिनीवरील संकटे त्यालाही चुकत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नाही. एकाच शहरातील दोन ठिकाणांच्या नशिबात एवढा फरक असू शकतो. मेघसेवेतील ‘उपलब्धता विभाग’ ही कल्पना याच तत्त्वावर आधारलेली आहे. एका क्षेत्रातील डेटा सेंटरे काही किलोमीटर अंतराने, वेगवेगळ्या वीजजोडण्यांवर उभारली जातात आणि माहितीच्या प्रती त्यांत विभागून ठेवल्या जातात. एका इमारतीत पाणी शिरले, तरी दुसरीतील प्रत शाबूत राहते.

पण सारेच संकट एका नाक्यापुरते नसते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी वीजवहनात बिघाड होऊन मुंबई, ठाणे व नवी मुंबई या तिन्ही शहरांचा मोठा भाग एकाच वेळी अंधारात गेला आणि उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या. डेटा सेंटरे अशा वेळी जनित्रांवर चालतात, हे खरे. तथापि संपूर्ण शहरावर ओढवणाऱ्या आपत्तीचा विचार करता अत्यंत महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या शहरातील क्षेत्रात असावयास हवी. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबाद येथे क्षेत्र सुरू केले आणि मायक्रोसॉफ्टचे पुण्यात आहे. त्यामुळे देशाबाहेर न जाताही अशी सोय करता येते. मात्र ही दुसरी प्रत सहसा आपोआप होत नाही. ती मागावी लागते व तिचे पैसे द्यावे लागतात.

ती न मागितल्याचा परिणाम दक्षिण कोरियाने अनुभवला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील राष्ट्रीय माहिती साधन केंद्रात बॅटऱ्यांना आग लागली. शासकीय कर्मचाऱ्यांनी कामाचे दस्तऐवज ज्या सामाईक मेघ-साठ्यात ठेवले होते, तो सुमारे ८५८ टेराबाइटचा साठा त्या आगीत नष्ट झाला आणि त्याची प्रत दुसरीकडे कोठेही नव्हती. वरील मापाने हिशेब केल्यास ही चारशे कोटींहून अधिक पाने होतात. साठा फार मोठा असल्याने प्रत ठेवली नव्हती, असे कारण देण्यात आले. संगणकशास्त्रात आघाडीवर असलेल्या देशात हे घडले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मंत्रालयाची आग कागदाला लागली होती, ही मेघाला लागली. नोंदींच्या दृष्टीने परिणाम एकच झाला.

यासंबंधात आणखी दोन भेद स्पष्ट असले पाहिजेत. पहिला, उपलब्धता व टिकाऊपणा यांतील. सामानघराला कुलूप असल्यामुळे बोचके आज न मिळणे वेगळे आणि बोचके हरवणे वेगळे. ‘९९.९ टक्के उपलब्धता’ याचा अर्थ वर्षाकाठी पावणेनऊ तासांपर्यंत सेवा बंद राहिली तरी करारभंग नाही. ‘९९.९९ टक्के’ म्हटल्यास ही मर्यादा सुमारे त्रेपन्न मिनिटांवर येते. दुसरा भेद प्रतिकृती व राखीव प्रत यांतील. तीन ठिकाणी प्रतिकृती असतील आणि एखाद्याने चुकून नोंद खोडली, तर ती क्षणार्धात तिन्ही ठिकाणी खोडली जाते. खंडणीसाठी माहितीला कुलूप घालणाऱ्या विषाणूचेही असेच. म्हणून ठरावीक काळाने काढलेली, मूळ नोंदीपासून अलग ठेवलेली आणि कोणालाही बदलता न येणारी राखीव प्रत निराळीच असावी लागते.

जबाबदारीची वाटणी

सोसायटीचे कुंपण, पाण्याची टाकी आणि पहारेकरी यांची काळजी सोसायटी घेते. परंतु रहिवाशाने आपले दार उघडे टाकल्यास झालेल्या चोरीबद्दल तिला दोष देता येत नाही. मेघसेवेतही इमारत, वीज, यंत्रे व मूळ जाळे ही पुरवठादाराची जबाबदारी आहे. कोणाला कोणती नोंद पाहण्याची वा बदलण्याची मुभा द्यावयाची, परवलीचे शब्द कसे जपावयाचे, बदली झालेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेश केव्हा बंद करावयाचा, प्रती किती ठेवावयाच्या, हे सर्व सेवा घेणाऱ्या कार्यालयाकडे राहते. एकच परवलीचा शब्द चौघांनी वापरावयाचा आणि तो भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावयाचा, ही सवय कोणत्याही अग्निभिंतीला निष्प्रभ करते.

डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासंबंधी संसदेने २०२३ मध्ये केलेल्या अधिनियमातही हेच तत्त्व आहे. माहितीवर प्रक्रिया करण्याचे काम दुसऱ्याकडे सोपविले, तरी ती गोळा करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणावयाच्या आहेत.

कार्यालयांनी करावयाची विचारणा

पंचायतीला किंवा शाळेला स्वतः डेटा सेंटर चालवावयाचे नसते. त्यांच्याकडे सहसा तयार प्रणाली येते, अथवा एखादा ठेकेदार सेवा पुरवितो. अशा वेळी तंत्रज्ञ नसतानाही काही गोष्टी विचारता येतात आणि त्या विचारणे हे कर्तव्यच होय. नोंदी कोणत्या शहरात, कोणत्या क्षेत्रात ठेवल्या आहेत? दुसरी प्रत कोठे आहे व ती किती दिवसांनी घेतली जाते? त्या प्रतीवरून नोंदी पुन्हा उभ्या करण्याचा प्रयोग शेवटचा कधी झाला? सेवा बंद पडल्यास ती किती तासांत सुरू करण्याचे बंधन आहे? नोंद कोणी व केव्हा बदलली, याची वही यंत्रणेत राहते काय? करार संपल्यावर सर्व माहिती वाचता येईल अशा रूपात परत मिळेल काय, आणि ठेकेदाराकडील प्रत पुसली जाईल काय?

यांतील तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. राखीव प्रत आहे असे कागदावर लिहिलेले असते. पण ती उघडून पाहिलेली नसल्यास ऐनवेळी ती अपुरी किंवा बिघडलेली निघण्याचा संभव असतो. वर्षातून निदान दोन वेळा, कामाचा ताण कमी असताना, पाच-दहा नोंदी राखीव प्रतीवरून काढून मूळ नोंदींशी ताडून पाहाव्यात आणि तसा शेरा नोंदवहीत घ्यावा. शाळेत मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एका दुपारी करता येण्यासारखे हे काम आहे. इंटरनेट खंडित झाल्यास त्या दिवसाचे कामकाज कागदावर कसे चालवावयाचे आणि नंतर ते यंत्रणेत कोणी भरावयाचे, हेही आधी ठरलेले असावे. पावसाळ्यात ज्या गावांचा संपर्क तुटतो, तेथे याची गरज अधिक आहे.

मेघसंगणनामुळे लहानशा ग्रामपंचायतीलाही मोठ्या महानगरपालिकेच्या तोडीची यंत्रणा वापरता येऊ लागली आहे, ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह आहे. भिजणाऱ्या आणि जळणाऱ्या कागदापेक्षा ही व्यवस्था अधिक सुरक्षित होऊ शकते. मात्र ती तशी होण्यासाठी दप्तरखान्याच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या जुन्या कारकुनाची दक्षता नव्या यंत्रणेतही कायम राहिली पाहिजे. आपल्या गावाच्या नोंदींची दुसरी प्रत कोणत्या शहरात आहे, हे प्रत्येक सरपंचाला, मुख्याध्यापकाला व कार्यालयप्रमुखाला सांगता येणे, ही या दक्षतेची पहिली पायरी होय.